बंदी वस्तूवर, मोकळीक नावाला
नीरेच्या काठावरून मद्य, तंबाखू आणि बोधचिन्हांचा एक शोध

दिवाळी अंकात साखर कारखान्यांची शुभेच्छांची पाने ठरलेली असतात. वर कारखान्याचे नाव, मध्ये अध्यक्ष आणि संचालक मंडळाची छायाचित्रे, खाली ‘सर्व सभासद, ऊस उत्पादक, कामगार व हितचिंतकांना’ दीपावलीच्या शुभेच्छा. कुठे साखरेचा उल्लेख असतो, कुठे वीजनिर्मितीचा, अलीकडे इथेनॉलचा. याच उसापासून निघणारी एक वस्तू मात्र या पानांवर येऊ शकत नाही, आणि ती म्हणजे दारूची बाटली. कायद्याने तिच्या जाहिरातीला मनाई आहे. गंमत अशी, की त्या बाटलीवरच्या नावाला मात्र कायद्याचे पूर्ण संरक्षण आहे. ते नाव नोंदवता येते, विकता येते, गहाण टाकता येते आणि दुसऱ्या कुणी वापरले तर उच्च न्यायालयात दाद मागता येते.

वस्तूवर बंदी आणि नावाला अभय, या फटीतून गेल्या काही दशकांत एक मोठा व्यवहार उभा राहिला आहे. सोड्याच्या जाहिरातीतून व्हिस्की, वेलचीच्या जाहिरातीतून गुटखा, हे त्याचे ओळखीचे रूप. इंग्रजीत त्याला ‘सरोगेट’ जाहिरात म्हणतात; मराठीत ‘आडजाहिरात’ म्हणायला हरकत नाही. या व्यवहाराकडे बहुतेक वेळा जाहिरातदारांची चलाखी म्हणून पाहिले जाते. पण ही चलाखी चालते कशामुळे, हे समजून घ्यायचे तर बौद्धिक संपदेच्या कायद्यात शिरावे लागते. त्यासाठी बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके सोयीचे आहेत, कारण इथे उसापासून बाटलीपर्यंतची सगळी साखळी एका कालव्याच्या काठावर सापडते.

कालवा, ऊस आणि मोलॅसिस

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरा डावा कालवा झाला आणि पुरंदर, बारामती, इंदापूरच्या कोरडवाहू पट्ट्यात पाणी खेळू लागले. भाटघरच्या धरणाने त्याला बारमाही आधार दिला. आधी गुळासाठी ऊस लागला. पुढे १९३२ मध्ये सरकारने परदेशी साखरेवर संरक्षक जकात बसवली आणि देशात कारखान्यांची लाट आली. त्याच वर्षी सासवडच्या माळी समाजाने नीरेच्या खालच्या अंगाला माळीनगरचा कारखाना उभारायला घेतला. इंदापूर तालुक्यातील कळंबच्या माळरानावर वालचंद हिराचंद यांनी साखर कारखाना आणि वसाहत उभी केली, तेच आजचे वालचंदनगर. स्वातंत्र्यानंतर माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर असे सहकारी कारखाने आले.

एक टन ऊस गाळला की साखरेबरोबर साधारण ४० ते ४५ किलो मोलॅसिस निघते. सरकारी कागदांत त्याला ‘मळी’ म्हणतात. एक टन मोलॅसिस आंबवून ऊर्ध्वपातन केले की २०० ते २५० लिटर मद्यार्क मिळतो. माळेगाव आणि सोमेश्वर या कारखान्यांच्या डिस्टिलऱ्या याच तत्त्वावर चालतात. हा मद्यार्क औषधाला जातो, रसायनांना जातो, पेट्रोलमध्ये मिसळायला जातो आणि पिण्याच्या दारूलाही जातो.

इथे एक फरक ध्यानात घेण्यासारखा आहे. साखरेला नाव नसते. पोत्यावर कारखान्याचा शिक्का असतो खरा, पण व्यापारी ती दाण्याच्या प्रतीवर, ‘एस-३०’ किंवा ‘एम-३०’ म्हणून घेतो आणि किराणा दुकानातले गिऱ्हाईक नुसतीच ‘साखर’ मागते. दारू अशी कुणी मागत नाही. शुद्ध केलेला मद्यार्क या डिस्टिलरीचा काय किंवा त्या डिस्टिलरीचा काय, जवळजवळ सारखाच. त्यात पाणी, रंग, स्वाद मिसळून बाटलीवर लेबल चिकटवले की त्याला व्यक्तित्व येते. म्हणजे जिची जाहिरात करायला कुणाची आडकाठी नाही ती साखर बिननावाची राहिली, आणि जिच्या जाहिरातीला बंदी ती दारू नावावरच जगते.

‘शिफारस’ आणि ‘आमंत्रण’

मुंबई दारूबंदी अधिनियम १९४९ चा. आज तो महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जातो आणि अजून लागू आहे. राज्यात कायदेशीर मद्यपान करणाऱ्याकडे परवाना असावा लागतो, ही गोष्ट पिणाऱ्यांपैकीही अनेकांच्या गावी नसते. या कायद्याच्या २४ व्या कलमाने मादक पदार्थांची शिफारस करणाऱ्या, त्यांच्या वापराचे आमंत्रण देणाऱ्या जाहिरातींना मनाई केली.

त्या कायद्याला एफ. एन. बलसारा यांनी आव्हान दिले आणि २५ मे १९५१ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. कायद्याचा गाभा टिकला, काही तरतुदी मात्र रद्द झाल्या. जाहिरातीच्या कलमातील मादक पदार्थाची नुसती ‘शिफारस’ करण्यावरची बंदी न्यायालयाने भाषणस्वातंत्र्याविरुद्ध ठरवली. वापराचे आमंत्रण देण्यावरची बंदी राहिली. एखाद्या वस्तूबद्दल चांगले बोलणे आणि ती घ्यायला सांगणे यांत फरक आहे, असा त्याचा अर्थ. पुढे १९५९ मध्ये हमदर्द दवाखान्याच्या खटल्यात व्यापारी जाहिरातीला भाषणस्वातंत्र्याचे पूर्ण कवच नाही, असे ठरले. १९९५ च्या टाटा प्रेस निकालाने ते कवच बरेचसे परत दिले. हा सगळा वाद एकाच गृहीतकावर चालला होता: जाहिरातीत वस्तू दिसते. वस्तूच दिसली नाही तर काय, हा प्रश्न तेव्हा कुणासमोर नव्हता.

दरम्यान दारूबंदी सैल होत गेली. १९७३ मध्ये महाराष्ट्र देशी दारू नियम आले आणि देशी दारू परवानाधारक दुकानांतून अधिकृतपणे विकली जाऊ लागली. लेबलला उत्पादन शुल्क खात्याची मंजुरी लागते, त्यावर काय छापायचे याचे नियम आहेत. म्हणजे लेबल हा सरकारी दप्तरातला कागद झाला. तो त्याच वेळी खासगी मालमत्ताही होता.

एका बाटलीवर चार-पाच हक्क

बौद्धिक संपदा हा शब्द जड आहे. बाटली समोर ठेवली तर तो सोपा होतो. मद्य बनवण्याची एखादी खरोखर नवी प्रक्रिया शोधली तर तिचे पेटंट मिळते आणि ते २० वर्षांनी संपते. बाटलीच्या आकाराची ‘डिझाइन’ म्हणून नोंद होते, ती जास्तीत जास्त १५ वर्षे टिकते. लेबलवरचे चित्र ही कलाकृती आहे. तिचा स्वामित्वहक्क चित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे असतो. बाटलीवरचे नाव हे बोधचिन्ह, म्हणजे व्यवहारातला ‘ट्रेडमार्क’. त्याची नोंद दहा वर्षांची, पण दर दहा वर्षांनी शुल्क भरून नूतनीकरण करत राहिले तर तिला अंत नाही. आणि एखाद्या प्रदेशामुळेच वस्तूला गुण आला असेल तर त्या प्रदेशाच्या नावाला भौगोलिक मानांकन मिळते.

या सगळ्यांत अमर असे हक्क दोनच: बोधचिन्ह आणि भौगोलिक मानांकन. दोन्ही नावांचे हक्क आहेत. शोध संपतो, आकार संपतो, चित्रसुद्धा एक दिवस सर्वांचे होते. नाव तेवढे मालकाकडे राहते.

हा हक्क देशी दारूलाही किती गंभीरपणे लागू होतो, याचे उदाहरण ताजे आहे. ‘टँगो पंच’ या देशी दारूची उत्पादक बृहन् करण शुगर सिंडिकेट ही कंपनी ‘टू पंच’ या नावाच्या देशी दारूविरुद्ध न्यायालयात गेली. प्रतिवादी होता कराड भागातील यशवंतराव मोहिते कृष्णा सहकारी साखर कारखाना. वाद बोधचिन्ह आणि लेबलचा स्वामित्वहक्क या दोन्ही मुद्द्यांवर होता. जी वस्तू वर्तमानपत्रात दाखवता येत नाही, तिच्या नावासाठी न्यायालयात दावा चालतो.

यात कायद्याची विसंगती नाही, उलट तत्त्व आहे. औद्योगिक संपदेविषयीच्या पॅरिस कराराचे सातवे कलम सांगते, की वस्तू कोणत्या प्रकारची आहे हे तिच्या बोधचिन्हाच्या नोंदणीआड येऊ नये. जागतिक व्यापार संघटनेच्या ‘ट्रिप्स’ करारातही हेच आहे. भारताचा १९९९ चा ट्रेडमार्क कायदा त्याच चौकटीतला. फसवणूक होईल, धार्मिक भावना दुखावतील किंवा अश्लील ठरेल असे नाव नोंदवता येत नाही. वस्तू घातक आहे, एवढे कारण नोंदणी नाकारायला पुरत नाही.

दुसरी बाब वर्गांची. नोंदणीसाठी जगातील सर्व वस्तू आणि सेवा ४५ वर्गांत वाटल्या आहेत. बिअर, सोडा आणि पिण्याचे पाणी ३२ व्या वर्गात, इतर मद्ये ३३ व्या, तंबाखू ३४ व्या, ध्वनिफिती आणि सीडी नवव्या, करमणुकीचे कार्यक्रम ४१ व्या वर्गात. एकच नाव एकाच मालकाने यांतल्या प्रत्येक वर्गात नोंदवता येते. नोंदवलेले नाव सलग पाच वर्षे वापरले नाही तर ते पटावरून काढून टाकण्याची मागणी होऊ शकते. म्हणून व्हिस्कीच्या मालकाने आपल्या नावाचा सोडा काढणे यात कायद्याच्या दृष्टीने वावगे काही नाही; तो आपल्या मालमत्तेला कुंपण घालत असतो. आडजाहिरातीचा पाया हा असा पूर्णपणे कायदेशीर आहे.

सोडा, सीडी आणि विमान

दूरदर्शनच्या काळात मद्य-तंबाखूच्या जाहिरातींना छोट्या पडद्यावर जागा नव्हती. १९९१-९२ नंतर उपग्रह वाहिन्या आल्या आणि चित्र पालटले. १९९५ च्या केबल टीव्ही कायद्याखालील नियमांनी तिथेही बंदी आणली. २००० मध्ये नियम दुरुस्त होऊन ‘प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष’ प्रसार करणाऱ्या जाहिराती त्यांच्या कक्षेत आल्या. तोवर बॅगपायपर सोडा आणि मॅक्डॉवेल सोडा घरोघरी पोहोचले होते. २००२ मध्ये माहिती व प्रसारण खात्याने वाहिन्यांना नोटिसा काढल्या. २००९ मध्ये नियमाला पुरवणी जोडली गेली: मद्य-तंबाखूचे नाव दुसऱ्या वस्तूला असेल, तर त्या वस्तूची जाहिरात काही अटींवर दाखवता येईल. त्यासाठी जाहिरातीला सेन्सॉर बोर्डाचे प्रमाणपत्र हवे, तिच्यात मद्याचा इशारा नको आणि ती वस्तू बाजारात वाजवी प्रमाणात मिळाली पाहिजे.

‘वाजवी प्रमाणात’ म्हणजे किती? जाहिरातदारांची स्वनियामक संस्था असलेल्या भारतीय जाहिरात मानक परिषदेने त्याला आकडा दिला. अशा वस्तूची वार्षिक विक्री देशभरात ५ कोटी रुपये किंवा वितरण असलेल्या प्रत्येक राज्यात १ कोटी रुपये, हा त्यांतला एक निकष. जाहिरातीवरचा खर्चही विक्रीच्या प्रमाणात हवा. विचार रास्त आहे: सोडा खरा असेल तर तो विकला गेलेला दिसेल. पण मोठ्या भांडवलाच्या मालकाला एवढा सोडा विकणे अवघड नाही, आणि सोडा खरा ठरला म्हणून त्यावरचे नाव व्हिस्कीची आठवण करून द्यायचे थांबत नाही.

या नावांच्या व्यवहाराचे सर्वांत मोठे उदाहरण किंगफिशर. यूबी समूहाची बिअर याच नावाची, आणि २००५ मध्ये विमान कंपनीही याच नावाने निघाली. तिला आडजाहिरात म्हणायचे की खरा धंदा? विमाने खरी होती, प्रवासी खरे होते आणि बुडालेली कर्जेही खरी होती. त्या कर्जांसाठी विमान कंपनीची बोधचिन्हे बँकांकडे तारण होती. एप्रिल २०१६ मध्ये बँकांनी त्यांचा लिलाव पुकारला. किमान किंमत ३६६ कोटी ७० लाख रुपये. एकही बोली आली नाही. बिअर मात्र विकली जात राहिली. नाव वस्तूवरून दुसरीकडे उडी मारू शकते, पण विश्वास गेला की त्या दुसऱ्या ठिकाणी त्याची किंमत शून्य होते, हे बँका महागात शिकल्या.

याच समूहाची ‘फोर सीझन्स’ वायनरी दौंड तालुक्यातील रोटीला उभी राहिली, बाहेरच्या जगात ती बारामतीची म्हणून ओळखली गेली. तुकोबांची पालखी रोटीचा घाट ओलांडून बारामती, सणसर, निमगाव केतकीमार्गे इंदापूरकडे जाते, तोच हा रस्ता. पुढे ही वायनरी ग्रोव्हर झम्पा या दुसऱ्या वाइन कंपनीकडे गेली. द्राक्षे इथल्याच मातीतली. नाव मात्र इथल्या कुणाच्या मालकीचे नव्हते, म्हणून ते विकले जाताना इथल्या कुणाला विचारण्याचा प्रश्नही आला नाही.

पुडीतला तंबाखू

मद्याच्या बाबतीत कायदा नावापाशी थबकला. तंबाखूच्या बाबतीत तो एक पाऊल पुढे गेला. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याखाली २००५ मध्ये जे नियम आले, त्यांनी अप्रत्यक्ष जाहिरातीची व्याख्या केली: तंबाखूच्या पदार्थाचे नाव दुसऱ्या वस्तू, सेवा किंवा कार्यक्रमाच्या प्रसारासाठी वापरणे हीच अप्रत्यक्ष जाहिरात. इथे कायद्याने प्रथमच वस्तू सोडून नावाकडे पाहिले.

तरी वाट उरलीच. पुणे जिल्ह्यातल्याच शिरूरहून निघालेल्या माणिकचंद या नावाने गुटखा देशभर पोहोचला. २००० नंतरची काही वर्षे फिल्मफेअर पुरस्कार ‘माणिकचंद फिल्मफेअर’ या नावाने झाले. ऑगस्ट २००२ मध्ये महाराष्ट्राने गुटख्यावर बंदी घातली. जयसिंगपूरच्या घोडावत यांच्या कंपनीसह उत्पादक सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २००४ मध्ये बंदी रद्द झाली. राज्याच्या आरोग्य प्राधिकाऱ्याला अशी कायमची बंदी घालण्याचा अधिकार नाही, असे न्यायालय म्हणाले. पुढे अन्न सुरक्षेच्या २०११ च्या नियमांनी खाद्यपदार्थात तंबाखू-निकोटिन मिसळायला मनाई केली आणि त्याच्या आधारे जुलै २०१२ मध्ये महाराष्ट्राने पुन्हा बंदी आणली. या वेळी गुटख्याबरोबर पानमसालाही बंद झाला.

पण तंबाखू नसलेला पानमसाला हा तंबाखूचा पदार्थ नव्हे, आणि वेलची तर नव्हेच. त्यामुळे ज्या राज्यात पानमसाला विकणे गुन्हा आहे, त्याच राज्यातल्या घरांत त्याच नावाच्या वेलचीच्या जाहिराती क्रिकेटच्या दोन षटकांमध्ये दिसत राहिल्या. तंबाखूच्या नियमातला ‘नाव’ हा शब्द तंबाखूच्या पदार्थाला बांधलेला आहे. पुडीतला तंबाखू वेगळा काढला की नावही मोकळे होते.

९ जून २०२२ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत आडजाहिरातीची स्पष्ट व्याख्या आहे आणि मनाईही. ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाख रुपयांपर्यंत, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. परंतु त्याच तत्त्वांत एक खुलासा आहे: बंदी असलेल्या वस्तूशी निगडित नाव नुसते वापरले, एवढ्यावरून जाहिरात आडजाहिरात ठरत नाही, ती अन्यथा आक्षेपार्ह नसावी. १९५१ मध्ये शिफारस आणि आमंत्रण यांत जशी रेघ ओढली गेली, तशीच ही नवी रेघ. आणि नाव पुन्हा रेघेच्या सुरक्षित बाजूला राहिले.

नाव कुणाचे?

म्हणून मुळाशी जायचे तर प्रश्न जाहिरातीचा कमी आणि नावाच्या मालकीचा अधिक आहे. वालचंद हिराचंद यांचा दुसरा साखर कारखाना नाशिक जिल्ह्यातील रावळगावचा. तिथल्या गोळ्यांना गावाचेच नाव मिळाले आणि तीन पिढ्यांच्या तोंडात ते बसले. फेब्रुवारी २०२४ मध्ये रावळगाव, पान पसंद, मँगो मूड अशी बोधचिन्हे आणि गोळ्यांच्या पाककृती रिलायन्सच्या कंपनीला २७ कोटी रुपयांना विकल्या गेल्या. जमीन, इमारती, यंत्रे जुन्या कंपनीकडेच राहिली. गाव जागेवर आहे. गोळीवरचे गावाचे नाव दुसऱ्याचे झाले.

याच्या उलट गोष्ट पुण्याच्या साबळे वाघिरे कंपनीची. तिची ‘संभाजी बिडी’ दशकानुदशके बाजारात होती आणि कायद्याला त्यात खटकण्यासारखे काही दिसले नव्हते. लोकांना खटकले. आंदोलने झाली आणि २०२० मध्ये कंपनीने नाव बदलण्याचा निर्णय जाहीर केला. पुढे तीच ‘साबळे बिडी’ झाली. नोंदणीच्या पटाने जे मोजले नाही ते समाजाने मोजले. अर्थात नाव बदलले, तंबाखू तोच राहिला, हेही नोंदवले पाहिजे.

तिसरा मार्ग भौगोलिक मानांकनाचा. शेजारच्या पुरंदरच्या अंजिराला ते मिळाले आहे, नाशिक व्हॅली वाइनलाही. हे नाव उत्पादकांचे सामूहिक असते आणि कायद्याने ते विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही. म्हणूनच आडजाहिरातीला ते निरुपयोगी आहे. ते मातीला बांधलेले असते, दुसऱ्या वस्तूवर उडी मारू शकत नाही.

महाराष्ट्रात गावातील महिलांना मतदानाने दारूचे दुकान बंद करता येते. उभी बाटली की आडवी बाटली, एवढाच प्रश्न असतो. निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडवी बाटली निवडली की दुकान बंद होते. अशा लढतींमागे घरोघरच्या संसारांची झळ असते. पण तिथे मत बाटलीवर द्यायचे असते, नावावर नाही. दुकान हलते, नाव वाहिन्यांवर, मैदानावरच्या फलकांवर, मुलांच्या तोंडात राहते.

नावाच्या मालकाला प्रश्न विचारण्याची एक जागा मात्र या पट्ट्यात आहे, आणि ती खासगी कंपन्यांच्या बाबतीत मिळत नाही. सहकारी कारखान्याच्या डिस्टिलरीने एखादे नाव नोंदवले असेल, तर ते संस्थेचे असते आणि संस्था सभासदांची. दरवर्षी वार्षिक सर्वसाधारण सभेत उसाचा दर, काट्याची अचूकता, साखरेचे वाटप यांवर घमासान होते. आपल्या संस्थेच्या मालकीची बोधचिन्हे कोणती, ती कोणत्या वर्गांत नोंदली आहेत, कुणाला वापरायला दिली आहेत आणि त्यापोटी काय मिळते, हे चार प्रश्न अहवालाच्या वाचनानंतर कुणीही सभासद उभा राहून विचारू शकतो. अजून तरी सभेच्या इतिवृत्तांत या प्रश्नांची सवय रुळलेली नाही.